गियर किती, यापेक्षा कोणते?

सायकल घ्यावयाची ठरली की दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : गियर किती? सात, अठरा, एकवीस, सत्तावीस असे आकडे ऐकविले जातात आणि आकडा मोठा म्हणजे माल सरस, असा समज करून घेऊन आपण पैसे मोजतो. व्यापारी घरांतील वाचकांना या समजाचे खरे तर नवल वाटावयास हवे. पेढीवर वह्या किती आहेत, यावरून धंद्याची प्रकृती ओळखता येत नाही, हे आपणांस कोणी सांगावयास नको. बँकेत कर्जाच्या प्रस्तावांवर काम करीत असताना मीही हेच पाहत आलो. मंजूर झालेली मर्यादा किती मोठी आहे याला फारसा अर्थ नसतो; धंद्याच्या सर्वांत ओढाताणीच्या महिन्यात ती उपयोगी पडते की नाही, याला अर्थ असतो. सायकलीच्या गियरचेही तसेच आहे.

हा विषय या महिन्यात घेण्याचे कारण आमच्या वाघोलीतील एक परिचित कुटुंब. नगर रस्त्यालगत त्यांचे हार्डवेअरचे दुकान आहे. दुकानाचे मालक सत्तावन्न वर्षांचे; डॉक्टरांनी त्यांना रोज व्यायाम करण्यास सांगितले आहे, परंतु उजवा गुडघा अधूनमधून कुरकुर करतो. थोरल्या सूनबाई खराडीतील एका कंपनीत नोकरीस आहेत. धाकटा मुलगा वीस वर्षांचा. मित्रांबरोबर रविवारी पहाटे सिंहगडाचा घाट सायकलीने चढण्याचा त्याला छंद जडला आहे. शेठजींनी तिघांसाठी एकवीस गियरच्या एकाच नमुन्याच्या तीन सायकली पसंत केल्या होत्या. तीन नग एकदम घेतल्यास दुकानदार सूट देणार होता. रक्कम देण्यापूर्वी त्यांनी मला सहज विचारले, “साहेब, हिशेबात काही राहिले तर नाही ना?” राहिले होते. किती, ते पुढे येईलच.

प्रथम गियर म्हणजे काय, ते साध्या भाषेत पाहू. पायडलजवळ पुढे एक दातेरी चकती असते आणि मागच्या चाकाच्या मध्यावर दुसरी. दोहोंना चेन जोडते. पुढच्या दातांना मागच्या दातांनी भागले, की पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरेल, ते कळते. त्या संख्येला चाकाच्या परिघाने गुणले, की एका फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाईल, हे निघते. या अंतराला आपण या लेखापुरते ‘पल्ला’ म्हणू. पल्ला मोठा असेल तर गियर जड, लहान असेल तर हलका. गियरचे सारे शास्त्र या एका भागाकारात आणि एका गुणाकारात सामावले आहे. परिघ काढणेही अवघड नाही. टायरवर व फरशीवर खडूने खूण करावी, चाक एक पूर्ण फेरा पुढे न्यावे आणि दोन खुणांमधील अंतर टेपने मोजावे.

आपल्या वडिलांच्या पिढीची काळी, उंच सायकल घ्या. तिचे चाक अठ्ठावीस इंची, परिघ सुमारे २.२३ मीटर. पुढे ४४ दात व मागे १८ दात, ही तिच्यात सर्रास आढळणारी जोडी. ४४ भागिले १८ म्हणजे २.४४, गुणिले २.२३ म्हणजे पल्ला साधारण ५.४५ मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास पडतो. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, धडधाकट माणसाला हा हिशेब अगदी चपखल बसतो. सायकलींचे शहर म्हणून पुण्याचा लौकिक झाला, तो या एकाच गियरवर. पेठांमधून कचेरीस, शाळेस किंवा मंडईत जाणाऱ्यांचे अंतर थोडे होते आणि रस्ते बहुतांशी सपाट. कर्वेनगरातील विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात त्या काळातील सायकली आजही पाहावयास मिळतात. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे.

परंतु पुणे आता तेवढे राहिलेले नाही. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. येथून शिवाजीनगर पंधरा किलोमीटरहून अधिक दूर आहे. मध्ये चढउतार आहेत, सिग्नल आहेत आणि खाणींतील खडी वाहणारे डंपर आहेत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून येतो, तो वेगळाच. शहर वाढले आणि एका गियरचा हिशेब अपुरा पडू लागला.

बदलत्या गियरला मान्यता मिळविण्यासाठी जगात बराच वाद झाला आहे आणि त्यातील एक पात्र आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे आहे. फ्रान्समधील सेंत-एतियेन गावचे पॉल द विव्ही (१८५३–१९३०) हे व्यापारी गृहस्थ. रेशमाचा व्यापार सोडून ते सायकलींच्या धंद्यात आले, १८८७ मध्ये त्यांनी सायकलस्वारांसाठी एक मासिक काढले आणि ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते लिहू लागले. ते शाकाहाराचे पुरस्कर्ते होते. सेंत-एतियेनच्या आसपास डोंगर आहेत. चढाला एक आणि सपाटीला दुसरा गियर असल्यास सामान्य मनुष्यही डोंगर पार करू शकतो, हे त्यांनी स्वतः फिरून आयुष्यभर सांगितले. याउलट ‘तूर द फ्रान्स’ या सुप्रसिद्ध शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांना बदलते गियर मुळीच पसंत नव्हते. असली साधने पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक, खऱ्या गड्याने स्नायूंच्या बळावर जिंकावे, असे त्यांचे मत. १९०३ मध्ये सुरू झालेल्या त्या शर्यतीत चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकविणाऱ्या यंत्राला, म्हणजे डिरेलरला, १९३७ पर्यंत परवानगी मिळाली नाही. आज त्याच शर्यतीत गियरविना कोणी उतरत नाही. पंचेचाळिशी ओलांडलेल्या आपण सर्वांनी व्हेलोसिओंचे आभार मानावयास हरकत नाही.

आता शेठजींनी पसंत केलेल्या एकवीस गियरची खतावणी मांडू. पुढे तीन चकत्या : ४२, ३४ आणि २४ दातांच्या. मागे सात : १४, १६, १८, २०, २२, २४ आणि २८ दातांच्या. तीन गुणिले सात, एकवीस. मी कागदावर एकवीसही भागाकार केले. ४२ ला २८ ने भागले तर उत्तर १.५० येते आणि २४ ला १६ ने भागले तरी १.५०. ४२ ला २० ने भागून २.१० आणि ३४ ला १६ ने भागून २.१३, पायाला हा फरक जाणवतही नाही. ४२–२४, ३४–२० आणि २४–१४ या तीन जोड्यांची उत्तरे १.७० ते १.७५ यांच्या आतच आहेत. अशा दुबार नोंदी वगळल्या, की एकवीस गियरपैकी खरोखर निराळे असे बारा-तेराच उरतात. त्यांतही सर्वांत मोठी पुढची चकती व सर्वांत मोठी मागची, किंवा दोन्ही बाजूंची सर्वांत लहान, या जोड्या टाळाव्या लागतात. चेन तिरपी ओढली जाऊन लवकर झिजते. यात दुकानदाराची लबाडी काही नाही, कारण जोड्या एकवीस आहेत हे खरेच. मात्र एकवीस पावत्या फाडल्या म्हणजे एकवीस गिऱ्हाइके आली, असे होत नाही.

मग पाहावयाचे काय? माझ्या मते तीन गोष्टी, त्याही याच क्रमाने : सर्वांत हलका गियर किती हलका आहे, रोजच्या वेगाच्या आसपास दोन गियरांमधील पायऱ्या किती लहान आहेत, आणि सर्वांत शेवटी, सर्वांत जड गियर किती जड आहे. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात, कारण वेगाची कल्पना सुखद असते. परंतु उतारावर जड गियर कमी पडला तर पाय थांबवावे, सायकल आपोआप खाली येते. चढावर हलका गियर कमी पडला तर मात्र उतरून ढकलत जावे लागते, अन्यथा गुडघा दुखतो.

शेठजींचेच उदाहरण घेऊ. त्यांचे वजन ७२ किलो, सायकल १४ किलो, एकूण ८६. सर्वसाधारण प्रकृतीचा, सराव नसलेला त्यांच्या वयाचा मनुष्य तासभर टिकेल अशी सुमारे शंभर वॅट शक्ती पायडलवर लावू शकतो, असे धरू. शंभर मीटर अंतराला सात मीटर उंची, असा घाट समोर आहे. गणित केले असता वेग ताशी साडेपाच किलोमीटर येतो. म्हणजे मिनिटाला सुमारे ९२ मीटर. हा वेग गियर ठरवीत नाही, तो शक्ती आणि वजन ठरविते. गियर ठरवितो ते इतकेच, की त्या ९२ मीटरसाठी पायडलचे किती फेरे पडतील. काळ्या सायकलीच्या ५.४५ मीटर पल्ल्यावर मिनिटाला सतरा फेरे पडतील. याला सायकल चालविणे म्हणता येणार नाही. एकवीस गियरवाल्या सायकलीचे चाक सव्वीस इंची, परिघ २.०५ मीटर, तिच्या सर्वांत हलक्या, २४ भागिले २८ या गियरचा पल्ला १.७६ मीटर, फेरे बावन्न. मेहनत तितकीच, परंतु ती बावन्न हप्त्यांत विभागली गेल्याने प्रत्येक वेळी पायावर येणारा दाब सतरा फेऱ्यांच्या तुलनेत एक-तृतीयांश राहतो. गुडघ्याला मोठी एकरकमी फेड झेपत नाही; लहान हप्ते झेपतात.

शेठजींसाठी मी एकच फेरफार सुचविला. मागील सात चकत्यांचा संच, ज्याला फ्रीव्हील म्हणतात, तो १४ ते २८ ऐवजी १४ ते ३४ दातांचा बसवावा. सर्वांत हलका पल्ला १.४५ मीटर होतो आणि त्याच घाटात फेरे त्रेसष्टवर जातात. याची एक किंमत आहे, तीही सांगितली पाहिजे. या संचात २४ नंतर एकदम ३४ येतात. शेवटची पायरी उंच आहे आणि तेथे गियर बदलताना पायांची लय क्षणभर मोडते. शेठजींना शर्यत जिंकावयाची नाही, त्यामुळे हा व्यवहार त्यांना परवडतो. मात्र फ्रीव्हील बदलण्यापूर्वी मागील डिरेलर ते पेलेल का, हे कारागिराला विचारावे. हिशेब असा : पुढच्या सर्वांत मोठ्या व लहान चकतीतील फरक ४२ वजा २४, म्हणजे १८, मागचा फरक ३४ वजा १४, म्हणजे २०, एकूण ३८. डिरेलरची क्षमता निदान तितकी असली पाहिजे आणि ३४ दातांची चकती त्याला चालली पाहिजे. हे दोन्ही आकडे उत्पादकाच्या माहितीपत्रकात छापलेले असतात.

धाकट्या मुलाचा हिशेब वडिलांच्या नेमका उलट. त्याच्या मित्रांच्या सायकली शर्यतीच्या धर्तीच्या, पुढे ५० व ३४ दात आणि मागे ११ ते ३२. तिचा सर्वांत हलका पल्ला २.२७ मीटर. या गियरवर सात टक्क्यांच्या घाटात वडिलांचे फेरे जेमतेम चाळीस पडतील. मुलगा साठ किलोचा, सायकल अकरा किलोची, सरावाने तो १८० वॅट टिकवितो असे मानले, तर त्याच चढावर तो ताशी बारा किलोमीटरच्या आसपास जाईल आणि त्याचे फेरे पंच्याऐंशी ते नव्वद पडतील. गियर एकच, रस्ता एकच; एकाला योग्य, दुसऱ्याला अयोग्य. यास्तव ‘चांगला गियर कोणता’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. ‘कोणासाठी आणि कोणत्या रस्त्यासाठी’ हे आधी सांगावे लागते.

मुलाला आणखी एक गोष्ट हवी होती. त्याला पुढेमागे दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे प्रकारात उतरावयाचे आहे. या प्रकारात कोणी पहिला नसतो. ठरलेल्या वेळेत अंतर पुरे करावयाचे असते. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, सहाशेला चाळीस तास. सरासरी ताशी पंधरा किलोमीटर, म्हणजे वेग काहीच नाही. परंतु तासन्‌तास एकाच लयीत पाय चालवावयाचे असल्याने तेथे लहान पायऱ्यांना महत्त्व येते. ११ ते ३२ च्या संचात १३ वरून १४ वर जाताना सुमारे आठ टक्क्यांचा फरक पडतो. शेठजींच्या संचात २४ वरून ३४ वर जाताना तब्बल बेचाळीस टक्क्यांचा. लांबच्या प्रवासात असे धक्के थकवितात. महाराष्ट्राला या लांब पल्ल्याच्या सायकलिंगची चांगली परंपरा लाभत आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. इतक्या अंतरात वाळवंट, डोंगर आणि मैदान सारेच येते; एका गियरवर ते साधणारे नव्हे.

सूनबाईंचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. वाघोली ते खराडी हे सात-आठ किलोमीटरचे अंतर त्यांनी दोन वर्षांपूर्वी घरातील जुन्या सायकलीने कापून पाहिले होते. पंधरा दिवसांत त्यांनी ते सोडून दिले. घरच्यांचा समज असा, की त्यांना दम लागत असावा. त्यांनी मला खरे कारण सांगितले. “काका, चालवताना काही वाटत नव्हते. सिग्नल सुटला की निघताना सायकल डगमगायची आणि मागे डंपर उभा असायचा. त्याचीच भीती बसली.”

हे कारण पूर्णपणे गियरचे आहे. जड गियरवर उभ्या सायकलीला पहिला जोर देताना सगळे वजन एका पायावर जाते, हँडल वाकडे होते आणि पहिली दोन-तीन मीटर सायकल सरळ जात नाही. हलक्या गियरवर सायकल शांतपणे, सरळ रेषेत निघते. परंतु डिरेलरच्या सायकलीत पायडल फिरत असल्याशिवाय गियर बदलत नाही. म्हणून हलका गियर थांबण्यापूर्वी घालावा, थांबल्यावर नव्हे. सिग्नल लांबून दिसताच दोन-तीन पायऱ्या हलक्या कराव्या आणि मग ब्रेक लावावा. सायकल शिकविताना आपण मुलांना तोल शिकवितो, ब्रेक शिकवितो. हे मात्र क्वचितच कोणी शिकविते. मागच्या चाकाच्या तुंब्यात गियर असलेल्या सायकलीत थांबल्यावरही गियर बदलता येतो. इंग्लंडच्या नॉटिंगहॅममध्ये स्थापन झालेल्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गियरचा तुंबा गेल्या शतकाच्या आरंभापासून प्रसिद्ध आहे. सरळ गियर, त्याहून पाव हिस्सा हलका आणि एक-तृतीयांश जड, अशी त्याची रचना. शहरातील थांबत-निघत जाणाऱ्या वाटेला ती फार सोयीची.

सूनबाईंसाठी दुसरी बाब वाऱ्याची. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताठ बसून शंभर वॅट लावले तर ताशी वीस-एकवीस किलोमीटर वेग मिळतो. समोरून ताशी पंधरा किलोमीटरचा वारा सुटला, की तोच वेग चौदावर येतो. म्हणजे पावसाळ्यातील पश्चिमेचा वारा हाही एक चढच, फक्त डोळ्यांना न दिसणारा. मिनिटाला सत्तर फेऱ्यांची लय ठेवावयाची तर वाऱ्याच्या दिवशी पल्ला साधारण ३.३ मीटर हवा आणि एरवी पाच मीटर. तिच्या सायकलीत या दोहोंच्या दरम्यान तीन-चार पायऱ्या असल्या पाहिजेत. म्हणून तिच्यासाठी पुढे ३८ दातांची एकच चकती आणि मागे ११ ते ३४ दातांच्या आठ चकत्या, असा नमुना सुचविला. त्याचे पल्ले ३.२, ३.६, ४.२, ४.९ असे पडतात आणि सिग्नलवर निघण्यासाठी सर्वांत हलका अडीच मीटरचा आहे. गियर अवघे आठ, पण दुबार नोंद एकही नाही. आणि डाव्या हाताला गियरचे काही काम नसल्याने लक्ष रस्त्यावर राहते.

कागद पुरा झाल्यावर सूनबाईंनी तो आपल्याकडे ओढून घेतला आणि म्हणाल्या, “पप्पा, आपल्यात सर्वांत जास्त सायकल चालवतो कोण?” उत्तर शेठजींना लगेच सुचले नाही. दुकानात पंधरा वर्षे काम करणारे मदतनीस रोज खिळे, कड्या, रंगाचे डबे असा पंचवीस किलोपर्यंतचा माल त्याच काळ्या सायकलीवरून गिऱ्हाइकांकडे पोहोचवितात. केसनंद फाट्याच्या बाजूला, लोहगाव रस्त्याला, कधी दिवसातून चार-पाच वेळा. मी तेथल्या तेथे हिशेब केला. माणूस, सायकल आणि माल मिळून १०८ किलो, तीन टक्क्यांचा चढ, जो डोळ्यांना चढ वाटतही नाही, शंभर वॅट. वेग ताशी साडेआठ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १४१ मीटर. ५.४५ मीटर पल्ल्यावर फेरे सव्वीस. ते गृहस्थ चढावर उतरून सायकल ढकलतात आणि उशीर झाला की दुकानात त्यांना बोलणी बसतात. त्या उशिराचे कारण त्या भागाकारात होते.

स्वस्त उपाय असा, की मागची अठरा दातांची चकती काढून बावीस दातांची बसवावी. पल्ला साडेचार मीटरच्या आत येतो आणि फेरे बत्तीस होतात. हा अर्धाच उपाय. पूर्ण उपाय म्हणजे ज्या एकवीस गियरच्या सायकलीची शेठजी तिघांसाठी खरेदी करणार होते, ती प्रथम या गृहस्थांना द्यावी. मजबूत कॅरियर मात्र बसवावे आणि त्यावर किती भार चालतो, हे पाहूनच घ्यावे. मधल्या ३४ च्या चकतीवर आणि मागे २८ वर पल्ला २.४९ मीटर होतो. त्याच चढावर फेरे सत्तावन्न. शेठजी काही वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तीन नाही, चार लिहा. आणि ही पहिली.” घाऊक सूट गेली, कारण आता एकाच नमुन्याचे तीन नग उरले नव्हते. मदतनिसांसाठी एक, फ्रीव्हील बदलून शेठजींसाठी एक, मुलासाठी एक व सूनबाईंसाठी एक, अशी खरेदी झाली. परंतु सूट मिळवून कोपऱ्यात उभी राहणारी सायकल ही सर्वांत महाग पडते, हे शेठजींना मी सांगण्याची गरज नव्हती.

वापर सुरू झाला की घसारा आलाच. वाघोलीसारख्या ठिकाणी खडीची धूळ चेनला चिकटते, तेलात मिसळते आणि कानसेसारखे काम करते. आठवड्यातून एकदा चेन कोरड्या फडक्याने पुसून मगच तेलाचे थेंब सोडावे व जादा तेल पुन्हा पुसावे. चेनची झीज मोजण्यास बारा इंची पट्टी पुरते. नव्या चेनच्या चोवीस कड्यांची लांबी बरोबर बारा इंच असते. ती एक-सोळांश इंचाने वाढली, की चेन बदलावी. एक-अष्टमांशापर्यंत थांबल्यास झिजलेली चेन मागच्या चकत्यांचे दातही खाते आणि लहान खर्चाचा मोठा होतो.

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहाव्या. आपल्या वाटेवरील सर्वांत कठीण चढ कोणता. रोजचे अंतर किती व मध्ये सिग्नल किती. बरोबर ओझे किती. चालविणाऱ्याचे वय व गुडघे कसे. मग दुकानात रंग पाहण्यापूर्वी दात मोजावे. ते पुष्कळदा चकतीवरच कोरलेले असतात. भागाकार करावा, परिघाने गुणावे आणि सर्वांत हलका पल्ला त्या पहिल्या ओळीशी ताडून पाहावा. तो जुळला, की गियर सात असोत वा सत्तावीस, ती सायकल आपली समजावी. आणि घरच्यांची यादी झाल्यावर, आपल्यासाठी रोज पायडल मारणारे आणखी कोणी यादीबाहेर राहिले नाही ना, हेही एकदा पाहून घ्यावे.